पुढच्या गाडीची पाठ

मी पगारी ड्रायव्हर. सुरुवात ट्रकवर क्लिनर म्हणून झाली, मग दादर-पुणे टॅक्सी, मग वऱ्हाडाच्या सुमो आणि ट्रॅक्स, आणि गेली बरीच वर्षं पुण्यातल्या एका कारखानदारांकडे आहे. इतक्या वर्षांत गाड्या बदलत गेल्या, पण नवी गाडी हातात आली की शिकायचं ते ठरलेलं असायचं. ब्रेक किती दाबल्यावर धरतो, बॉनेट कुठे संपतं, वळवायला जागा किती लागते. आठवडाभरात हात बसायचा. साहेबांनी सध्याची गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदाच माझ्या कामाची वाटणी झाली. वेग आणि पुढच्या वाहनापासूनचं अंतर गाडी सांभाळणार, पट्ट्यांच्या मधोमध राहायला स्टिअरिंगही तीच हलवणार, आणि मी लक्ष ठेवायचं. ऐकायला आरामाचं वाटतं. गाडी स्वतः चालवण्यापेक्षा हे काम अवघड आहे असं माझं आजचं मत आहे, आणि ते एका दिवसात झालेलं नाही.

शोरूमचा मुलगा आम्हाला कात्रजच्या बायपासला घेऊन गेला. मी चाकावर, तो शेजारी, साहेब मागे. पुढे एक टेंपो चालला होता. "काका, 80 सेट करा आणि पाय बाजूला घ्या. ब्रेक लावू नका, ती लावेल." टेंपो जवळ जवळ येत गेला. गाडीने वेग उतरवला तो इतका सावकाश की पोटातलं पाणी हललं नाही. टेंपो 60 ने, तर आम्हीही 60 ने. तो डावीकडे झाला की परत 80. साहेब खूश. माझा पाय मात्र सगळा वेळ ब्रेकच्या वर अधांतरी होता, आणि रात्री घरी नडगी दुखत होती. पहिले काही महिने असेच गेले. पायाला काम नाही आणि सुट्टीही नाही.

यंत्र कसं बघतं ते हळूहळू कळलं. पुढच्या बंपरमागे किंवा जाळीमागे रडार असतं. त्याच्या लहरी पुढच्या वाहनावर आपटून परत येतात, त्यावरून ते वाहन किती लांब आहे आणि आपण त्याच्या किती वेगाने जवळ जातोय, हे निघतं. आतल्या आरशामागे काचेला लागून कॅमेरा असतो, तो रस्त्यावरचे पट्टे शोधतो. दोन्ही बाजूंचे पट्टे नीट दिसले की पडद्यावर स्टिअरिंगचं हिरवं चिन्ह येतं आणि गाडी मधोमध राहते. पट्टे पुसट झाले, की आमच्या गाडीत ते चिन्ह गुपचूप राखाडी होतं. बस, एवढंच. लांबच्या फेरीवर जोडीदार ड्रायव्हर स्टिअरिंग सोडताना निदान "धर" तरी म्हणतो. हे यंत्र काही म्हणत नाही. म्हणून माझी नजर दर थोड्या वेळाने त्या चिन्हावरून फिरून येते, आणि हात स्टिअरिंगवर हलके पण कायम असतात.

वेग धरून ठेवणाऱ्या या यंत्राची, म्हणजे क्रूझ कंट्रोलची, मूळ कल्पना ड्रायव्हरला सुचलेली नाही, हे कुठेतरी वाचलं तेव्हा मला हसू आलं. राल्फ टीटर नावाचे अमेरिकन इंजिनिअर पाचव्या वर्षी अपघातात आंधळे झाले. मोठेपणी ते आपल्या वकिलाच्या गाडीत शेजारी बसायचे. गोष्ट अशी सांगतात की वकील बोलायला लागला की गाडीचा वेग कमी व्हायचा आणि ऐकायला लागला की वाढायचा. त्या हिसक्यांना कंटाळून टीटरनी वेग एकसारखा धरणारं यंत्र तयार केलं, आणि ते 1958 च्या क्रायस्लर इम्पीरियल गाडीत आलं. म्हणजे प्रवाशाने ड्रायव्हरच्या पायावर केलेला हा इलाज आहे. आमच्या मॅडमना गाडी लागते, त्यांना हा इलाज मानवला. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून परतणाऱ्या गर्दीत, जिथे दर दहा फुटांवर थांबायचं आणि निघायचं, तिथे मलाही मानवला. आयुष्यभर क्लच दाबून माझा डावा गुडघा गेलेला आहे. त्या रांगेत गाडी स्वतः थांबते, स्वतः सरकते, त्या वेळी मी तिला मनापासून दुवा देतो.

आपल्याकडे अंतर राखणारं आणि पट्टे बघणारं हे यंत्र अलीकडचं. 2020 मध्ये एमजी ग्लॉस्टरमध्ये आलं, 2021 मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 मध्ये, आणि मग दोन-तीन वर्षांत मधल्या किमतीच्या गाड्यांतही दिसायला लागलं. मालकांनी गाड्या घेतल्या, चालवणार आम्ही.

अंतराचा धडा मला एक्सप्रेसवेवर मिळाला. गाडीत अंतराचे तीन-चार टप्पे असतात आणि ते मीटरमध्ये ठरत नाही, सेकंदांत ठरतं. 100 च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर जाते. दोन सेकंदांचं अंतर म्हणजे पन्नास-पंचावन्न मीटर मोकळा रस्ता. टॅक्सीच्या दिवसांत एवढी जागा सोडणाऱ्याला आम्ही नवशिका म्हणायचो. मोकळी जागा दिसली की कोणीतरी त्यात घुसणारच, तो घुसला की यंत्र मागे सरणार, की आणखी एक घुसणार. पहिल्यांदा माझा जीव वर-खाली व्हायचा. सगळं जग आपल्या पुढे चाललंय आणि आपण मात्र सगळ्यांना वाट देत बसलोय. मग खालापूरच्या टोलनाक्यावर बघायला लागलो. कळंबोलीपासून डिपर मारत, डावी-उजवी करत, माझ्या पुढच्या जागेत घुसून निघून गेलेली गाडी शेजारच्याच रांगेत उभी असायची. एकदा-दोनदा नाही, नेहमी. हे गणित मला कुणी तोंडाने सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. यंत्राने माझ्याकडून ते करवून घेतलं. आता क्रूझ नसलेली गाडी हातात असली तरी मी तेवढं अंतर सोडतो.

पण अंतर राखणं हा गाडी चालवण्याचा निम्माही भाग नव्हे. आपल्या रस्त्यावर माणसं एकमेकांशी सतत बोलत असतात. ट्रकच्या खिडकीतून क्लिनरचा हात बाहेर येतो आणि तळवा खाली होतो, म्हणजे थांब, समोरून येतंय. तोच हात पुढे हलला, की जा. ट्रकचा उजवा इंडिकेटर कधी "मी वळतोय" असं सांगतो, कधी "तू काढ" असं सांगतो, आणि कुठला अर्थ घ्यायचा ते ट्रकचा वेग, रस्त्याचं वळण आणि त्याच्या मागची चाकं कुठे आहेत यावरून ठरतं. मोटरसायकलवाला वळण्याआधी इंडिकेटर देईल की नाही सांगता येत नाही, पण त्याची मान आधी वळते. रिक्षावाला बाहेर झुकून फुटपाथकडे बघायला लागला, की त्याला प्रवासी दिसलाय आणि तो आता आहे तिथेच थांबणार. उसाच्या शेताकडून धुळीचा लोट उठला, की ट्रॅक्टर रस्त्यावर चढतोय. यातलं काहीच रडारला दिसत नाही. त्याला पुढच्या वाहनाची पाठ दिसते, तीही ते वाहन पुढे आल्यावर. मनसुबा त्याला कळत नाही. रिक्षावाल्याची मान बघून मी पाय उचलतो ते थांबण्याच्या दोन सेकंद आधी. यंत्र ब्रेक लावतं ते रिक्षा थांबायला लागल्यावर. त्यामुळे यंत्राचा ब्रेक बरोबर असला तरी जोराचा असतो, आणि माझ्यामागे चिकटून येणाऱ्याला तो अपेक्षित नसतो. म्हणून गावातून, फाट्यांवरून, बाजाराच्या दिवशी मी ते बंद ठेवतो. एक्सप्रेसवेवरही उजव्या लेनमध्ये 40 ने रांगणारा ट्रेलर पुढे आला, तर यंत्र त्याच्यामागे पुण्यापर्यंत निमूट जाईल. त्याला कंटाळा नाही. काय करायचं ते मलाच ठरवावं लागतं.

बोरघाटातही बंद. त्याचं कारण मात्र वेगळं आहे. रडार सरळ समोर बघतं. वळण आवळत गेलं, की पुढची गाडी त्याच्या नजरेबाहेर जाते, आणि यंत्राला वाटतं रस्ता मोकळा झाला. मग ते सेट केलेल्या वेगाकडे जायला लागतं, ऐन वळणावर. कधी उलट होतं. शेजारच्या लेनमधला कंटेनर वळणामुळे बरोबर आपल्या नाकासमोर आल्यासारखा त्याला दिसतो, आणि ते विनाकारण ब्रेक लावतं. उतारावर तर ते वेग धरून ठेवायला ब्रेकच वापरत राहतं. घाट गिअरवर उतरायचा, ब्रेक जपून ठेवायचे, हे मला ट्रकच्या उस्तादांनी शिव्या देऊन शिकवलंय. खालच्या वळणांवर तापलेल्या लायनरचा वास नाकाला बसलेला माणूस हे विसरत नाही.

पावसाळ्यात यंत्र निम्मं आंधळं होतं. लोणावळ्याच्या पावसात ट्रकच्या चाकांमागे उडणाऱ्या तुषारांत पट्टे दिसत नाहीत. कोकणात लाल चिखल बंपरवर थापला जातो आणि पडद्यावर रडार झाकल्याचा संदेश येतो. माणगावात चहाला थांबलो की मी पहिल्यांदा ओलं फडकं घेऊन पुढे जातो. रस्त्याचं काम चालू असेल तिथे जुने पट्टे काळ्या रंगाने झाकलेले असतात, आणि तिरप्या उन्हात तो काळा रंगच नव्या पट्ट्यापेक्षा जास्त चमकतो. कॅमेरा कशाला खरं मानेल याचा नेम नसतो. खड्डा आणि बिनरंगाचा स्पीडब्रेकर आमच्या गाडीला कधीच दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऊस तोडणीचा हंगाम सुरू झाला, की फलटण, बारामती, सांगली, कोल्हापूर या भागांत रात्रीचा रस्ता ट्रॅक्टरचा असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर ऊस रचलेला, वाढे बाजूंनी लोंबतायत, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर वाढ्यांखाली झाकलेला. वेग 15-20. आपण 80 ने. असं वाहन यंत्राला दिसतं, पण उशिरा दिसतं आणि मग ब्रेक असा लागतो की मागचे झोपलेले जागे होतात. त्याहून वाईट म्हणजे उभी ट्रॉली. टायर फुटलाय, चाक काढून नेलंय, ट्रॉली रस्त्यातच आणि भोवती चार दगड.

उभ्या वस्तूचं या यंत्राला वावडं का, ते मला समजायला वेळ लागला. रस्त्याकडेचा फलक, पूल, कठडा, कमान, सगळ्यांवरून लहरी परत येतात. त्या प्रत्येकासाठी गाडी थांबली तर ती चालायचीच नाही. म्हणून वेगात असताना रडार चालत्या वाहनावर जास्त विश्वास ठेवतं आणि जे मुळापासून उभंच आहे त्याला बऱ्याचदा मोजत नाही. कॅमेरा मदत करतो, पण अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉलीपुढे त्याचंही फार चालत नाही.

हे सगळं मी एका रात्री समृद्धी महामार्गावर पाहिलं. या यंत्रासाठी समृद्धीसारखा रस्ता नाही. नागपूर ते शिर्डी डिसेंबर 2022 मध्ये उघडला, जून 2025 मध्ये आमण्यापर्यंत पूर्ण झाला, 701 किलोमीटर. पट्टे स्वच्छ, सिग्नल नाही, मोटारींना 120 पर्यंत मुभा. क्रूझ लावली की तासन्‌तास पायाला काही काम नाही. आणि मला सगळ्यात जास्त भीती तिथेच वाटते. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली, त्यानंतर त्या पट्ट्यातून रात्री जाताना मागच्या सीटवरही कोणी बोलत नाही. सरळ रस्ता माणसाला झोपवतो. यंत्र पायाची मेहनत घेतं, त्याबरोबर पायामुळे येणारी जागही घेतं. अवजड ट्रकवर असताना अंग दुखायचं, पण दुखण्यामुळे डोळा लागत नसे.

त्या रात्री जालन्याच्या पुढे आम्ही 110 ने चाललो होतो, पुढे एक मोटार, तिच्यामागे आम्ही. यंत्राने अंतर व्यवस्थित राखलेलं. अचानक ती मोटार उजवीकडे सरकली आणि तिच्या आडून एक ट्रेलर निघाला. अर्धा लेनमध्ये, अर्धा बाहेर, बंद पडलेला, दिवे नाहीत, मागे खूण म्हणून झाडाची फांदी टाकलेली. पुढची मोटार बाजूला झाल्यामुळे यंत्राच्या हिशेबाने रस्ता रिकामा झाला होता आणि गाडी वेग घ्यायला लागली होती. मी ब्रेक दाबून उजवी लेन धरली. उजवी लेन रिकामी आहे हे मला त्याआधीच माहीत होतं, कारण क्रूझ चालू असली की मी आरसे जास्त बघतो. पायाचं काम वाचतं, तेवढं काम डोळ्यांना द्यायचं, असा नियम मी स्वतःला लावून घेतला होता. साहेब जागे झाले आणि म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "ट्रेलर होता." पुढच्या इंटरचेंजला उतरून चहा घेतला.

मागच्या सीटचाही एक प्रश्न आहे, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. ही गाडी वाजते. पट्ट्याला चाक लागलं की वाजते, पुढचा जवळ आला की वाजते, स्टिअरिंगवर हाताचा भार जाणवला नाही की वाजते. आपण दोन्ही हातांनी धरलेलं असलं तरी हात स्थिर असेल तर तिला तो हात कळत नाही, थोडं ओढावं लागतं. आणि प्रत्येक आवाज मागे बसलेल्याला ड्रायव्हरची चूक वाटतो. आमच्या गाडीत मधूनच पडद्यावर चहाच्या कपाचं चित्र येतं, विश्रांती घ्या म्हणून. पहिल्यांदा आलं तेव्हा मॅडमनी लगेच विचारलं, "झोप येतेय का तुम्हाला?" सकाळचे साडेनऊ वाजले होते. माझ्या ओळखीच्या कितीतरी ड्रायव्हरांनी याच एका कारणासाठी सगळे इशारे बंद करून ठेवलेत. नोकरी पोटाची आहे, रोज कोण ऐकून घेणार? मी साहेबांना एकदा शांतपणे बसवून प्रत्येक आवाजाचा अर्थ सांगितला. तेव्हापासून आमच्याकडे इशारे चालू आहेत.

याच्या उलट पाहुणे. "हात सोडा ना, व्हिडिओ काढतो." समाजमाध्यमांवर तसल्या चित्रफिती फिरतात, कोणी ड्रायव्हरची सीट सोडून मागे जातो, कोणी स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवतो म्हणजे गाडीला हात असल्याचा भास व्हावा. मी पाहुण्यांना सरळ नाही म्हणतो. एकदा एक गृहस्थ रागावले, साहेबांकडे तक्रार गेली. साहेब माझ्या बाजूने उभे राहिले. सगळ्यांचे साहेब राहतील असं नाही.

आमच्याच सोसायटीत एक तरुण ड्रायव्हर आहे, अशाच गाडीवर शिकलेला. चांगला पोरगा, व्यसन नाही. सुट्टीच्या दिवशी घरची जुनी गाडी घेऊन जेजुरीला निघाला आणि हडपसरच्या पुढे सिग्नलला थांबलेल्या गाडीला जाऊन टेकला. मला म्हणाला, "मामा, पाय निघालाच नाही. वाटलं आता थांबेल." लागलं कुणालाच नाही, बंपर गेला. त्याच्या पायाला वाट बघायची सवय लागली होती. म्हणून मी त्याला सांगितलं, आठवड्यातून काही फेऱ्या सगळं बंद करून मार, नाहीतर पाय विसरतो. तो मारतो.

यंत्र आमची नोकरी खाईल का, असं ड्रायव्हर मंडळी पार्किंगमध्ये नेहमी विचारतात. नितीन गडकरींनी 2017 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये सांगितलं, की ड्रायव्हरांचे रोजगार जातील म्हणून चालकाविना चालणाऱ्या गाड्या भारतात येऊ देणार नाही. मला मंत्र्यांच्या शब्दापेक्षा क्लिनरच्या हाताचा भरवसा जास्त वाटतो. जोवर रस्त्यावर तो हात हलतोय, तोवर तो वाचायला कुणीतरी लागेल. आजच्या या गाड्यांत तर अपघात झाल्यावर जबाबदार ड्रायव्हरच असतो. यंत्र चालू होतं, हे पोलिसांना सांगून सुटका नाही.

वर जे सांगितलं, उभं वाहन, वळण, उतार, चिखल, हाताचा भार, ते बहुतेक सगळं गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जाड, इंग्रजी. साहेबांच्या मुलीने मला ती पानं वाचून मराठीत समजावली, नाहीतर निम्म्या गोष्टी मला रस्त्यावरच कळल्या असत्या. ज्यांना गाडी विकली त्यांना इंग्रजी येतं आणि जे ती रोज चालवतात त्यांना येत नाही, ही आपल्याकडची साधी परिस्थिती आहे. गाडी बनवणाऱ्यांनी या पुस्तिकेतली निदान वीस पानं मराठीत छापावीत. आणि तुमच्याकडे अशी गाडी आणि ती चालवणारा माणूस असेल, तर या रविवारी पुस्तिका बाहेर काढा, त्याला समोर बसवा आणि ती पानं त्याला वाचून दाखवा.